फौजदारांच्या घरची विजया

धुळ्याला देवपुरात आम्ही घर घेतलं त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत असताना शेजारच्या फाटकातून एक उंच, वाळकेसे गृहस्थ बाहेर आले. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, मिशा एकसारख्या कातरलेल्या. मला वाटलं, स्वागत करायला आलेत. त्यांनी विचारलं, "टेम्पोवाल्याचं लायसन पाहिलं का ताई?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पाहिलं. उन्हात धरून, उलटून पालटून पाहिलं, परत दिलं, आणि मग ओळख करून दिली. "हिलाल पाटील. सेवानिवृत्त फौजदार. डावीकडचं घर. काही लागलं तर हाक मारायला हरकत नाही."

गल्लीत त्यांना हिलाल पाटील कोणी म्हणत नसे. ते सगळ्यांचे जिभाऊ होते. आमच्या खानदेशात घरातल्या मोठ्या, मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात. आमच्या गल्लीने ते नाव त्यांना कधी दिलं कोणालाच आठवत नाही. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का बुटक्या, गोल, हसऱ्या. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करायच्या, तेव्हा त्याचा वास चार घरं ओलांडून यायचा आणि मागोमाग वाटी यायची.

जिभाऊ शिपाई म्हणून पोलिसात लागले आणि चढत चढत फौजदार झाले. नोकरी सुटली, पण पंचनाम्याची भाषा काही सुटली नाही. एकदा ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "सदर मांजर आपल्या गच्चीवरून माझ्या हद्दीत आलं, दुधाचं पातेलं उपडं केलं, आणि आल्या दिशेने पसार झालं."

शेजारच्या घरातून अक्कांचा आवाज आला, "मांजरनी दूध पिदं, असं म्हना ना."

दोघं एकमेकांशी अहिराणीत बोलत. बाहेरच्यांशी मात्र जिभाऊ कचेरीतलं मराठी वापरत. नियमांचं त्यांना वेड होतं म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना हेल्मेट. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लाल दिव्यापुढे स्कूटर थांबवून उभे. मी एकदा मागे बसले होते. म्हटलं, "जिभाऊ, कोण पाहतंय?"

ते म्हणाले, "मी पाहतोय ना."

नोकरीतल्या गोष्टी ते फार सांगत नसत. एक मात्र पुन्हा पुन्हा सांगत, आणि गंमत म्हणजे ती त्यांच्या फजितीची होती. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरकडे, एका शेतकऱ्याच्या कपाशीच्या ओळींत गांजाची झाडं सापडली. शेतकऱ्याचं नाव गुलाब. जिभाऊंनी झाडं उपटली, गासड्या बांधल्या, वजन केलं, गुलाबला आत टाकलं. खटला उभा राहिला. आरोपीच्या वकिलाने जिभाऊंना पिंजऱ्यात विचारलं, "यात फुलोरा किती, पानं किती, बिया किती?"

"सगळं एकत्र मोजलं."

वकिलाने कायद्याचं पुस्तक न्यायाधीशांपुढे ठेवलं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. चरस म्हणजे त्याची राळ. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. मग वजन कशाचं केलं? गुलाब सुटला.

"साहेबांनी मला कोर्टाबाहेर बोलावून विचारलं, हिलाल, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? तुला पान आणि फूल वेगळं कळत नाही?" हे सांगताना जिभाऊ स्वतःच हसायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी कायद्याची पुस्तकं विकत घेऊन वाचायला सुरुवात केली, आणि ती सवय पुढे कायम राहिली.

अक्कांच्या पाठीत दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, वयाने दुखत असेल. तपासण्या झाल्या. छातीतली गाठ आधीच हाडांपर्यंत गेली होती. धुळ्याच्याच डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. मुलगा परदेशात, तो येऊन राहून गेला. केमोथेरपी झाली, रेडिएशनचे शेक झाले, आणि एका टप्प्यावर डॉक्टरांनी जिभाऊंना समोर बसवून सांगितलं की आता आजार मागे रेटायचा नाही, अक्कांना सांभाळायचं.

दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण मळमळ व्हायची. अन्न समोर आलं की अक्का तोंड फिरवायच्या. गोळी वाढवली की दिवसभर गुंगीत. शिवाय पायात एक वेगळीच आग व्हायची, नसांतून जाणारी, ती गोळीला दाद देत नव्हती. ज्या बाईने आख्ख्या गल्लीला भरीत खाऊ घातलं ती दोन घास वरणभातासाठी डोळ्यांत पाणी आणायची. जिभाऊ पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि तिच्या पायांना गार पाण्याचा कपडा लावायचे.

माझं माहेर जळगावचं. माझ्या मावशीला तिच्या शेवटच्या आजारात तिथल्या एका वैद्यबाईंनी विजयापासून केलेलं औषध दिलं होतं. मावशीला त्याने भूक लागायची, हे मी स्वतः पाहिलं होतं. विजया म्हणजे भांग. आयुर्वेदात तिचं नाव ते आहे. मी एका संध्याकाळी गच्चीवर जिभाऊंना हे सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. कपबशी खाली ठेवली. "ताई," ते म्हणाले, "मी त्या झाडाच्या मुळ्या उपटण्यात माझी उमेदीची वर्षं घालवली." आणि उठून जिना उतरून गेले.

नंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. फाटकात दिसले की मान हलवायचे, एवढंच. मला वाटलं, मी फार बोलून गेले. मग एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले, हातात कायद्याचं जुनं पुस्तक, मधे बोट घातलेलं.

"पान वेगळं धरलंय," ते म्हणाले. "हे मला पूर्वी एकदा कोर्टात शिकवलं होतं. पण पानाला मोकळीक आहे असंही नाही. प्रत्येक राज्याचे भांगेचे आपापले नियम आहेत. औषध करायचं तर परवाना असलेल्या कारखान्यानेच, आणि घ्यायचं तर नोंदणी असलेल्या वैद्याच्या चिठ्ठीवर, त्यांच्या देखरेखीखाली. मी ओळखीच्या सरकारी वकिलांना पण विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे."

"मग जायचं का जळगावला?"

जिभाऊंनी पुस्तक मिटलं. त्यांच्या मागोमाग अक्का भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या होत्या, ते आम्ही पाहिलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आते फौजदार नईत. आते फक्त मना नवरा शेतस. चला."

माझ्या गाडीतून आम्ही गेलो. मागच्या सीटवर उशा लावून अक्का आडव्या, पुढे माझ्या शेजारी जिभाऊ. वैद्यबाईंचं नाव कोठारी. पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं झटपट. त्यांचे आजोबा राजस्थानातून जळगावला व्यापाराला आले आणि नात वैद्य झाली. जिभाऊंनी नमस्कार केला आणि सरळ म्हणाले, "आपलं नोंदणी प्रमाणपत्र पाहता येईल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या. भिंतीवरची चौकट दाखवून म्हणाल्या, "वाचून घ्या साहेब. आधी तुम्ही माझी उलटतपासणी करा, मग मी अक्कांची करते."

जिभाऊंनी खरोखर केली.

"औषध कशाचं?"

"पानाचं."

"पान कुठून येतं?"

"ते कारखाना परवानगीने घेतो. मी झाड लावत नाही, पान वाटत नाही. मी तपासते आणि लिहून देते. बाटलीवर कारखान्याचा परवाना क्रमांक असतो आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना असते. ती नसलेली बाटली कोणी दिली तर घेऊ नका."

"कुंडीत एखादं झाड लावलं तर?"

"मग तुमचेच जुने सहकारी तुमच्या घरी येतील."

"शेजारीपाजारी कोणाला थोडं दिलं तर?"

"चूक तुमची आणि त्रास त्यांचा. हृदयाचा आजार असलेल्याला, घरात कोणाला वेड लागल्याचा इतिहास असलेल्याला, गरोदर बाईला, मी स्वतःसुद्धा देत नाही."

मग जिभाऊंनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला ते खरे आले होते. "हिचा आजार जाईल का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही. कॅन्सरवर हे औषध नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्या दारात पाऊल टाकू नका. मळमळ, भूक, झोप, नसांचं दुखणं, यात काही जणांना बरं वाटतं, काहींना नाही वाटत. अक्कांचं काय होतं ते थोड्या दिवसांत कळेल. डॉक्टरांच्या गोळ्या मी एकही बंद करणार नाही. त्यांना आत्ता फोन लावून सांगते की मी काय देतेय."

त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. धुळ्याचे डॉक्टर फार उत्साहाने बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की या औषधाचा पुरावा अजून कमी आहे, पण पेशंटला आराम पडत असेल तर ते आडवे येणार नाहीत. मॉर्फिनबरोबर गुंगी वाढू शकते, तशी वाढली तर लगेच कळवायचं.

मग बाई अक्कांकडे वळल्या. कुठे दुखतं, कधी दुखतं, काय खावंसं वाटतं, पूर्वी कधी घाबरल्यासारखं व्हायचं का, सगळं विचारलं. अक्कांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "माले चढी का?"

"चढू नये म्हणून तर थेंब मोजायचे."

"थोडी चढी तं काय बिघडी?"

जिभाऊंनी छताकडे पाहिलं.

परत येताना पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. सीटबेल्ट बघत होते. आम्हा पुढच्या दोघांचे लावलेले होते. शिपायाने हात करून जा म्हटलं. तेवढ्यात जिभाऊ दार उघडून खाली उतरले. खिशातून चिठ्ठी, बिल आणि पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाले, "माझ्याकडे विजयाचं औषध आहे. तपासून घ्या."

शिपाई पंचविशीतला. त्याने बाटली पाहिली, आमच्याकडे पाहिलं. "कसलं औषध काका?"

"भांगेचं."

शिपायाचा चेहरा बदलला. त्याने साहेबांना हाक मारली. साहेब आले. मग उन्हात गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून जिभाऊंनी दोघांना समजावून सांगितलं. फुलोरा कुठला, पान कुठलं, राळ कुठली, चिठ्ठीवर काय असलं पाहिजे, बाटलीवर काय असलं पाहिजे, चिठ्ठी नसेल तर काय समजायचं. मागे गाड्यांची रांग लागली. आतून अक्का मला म्हणाल्या, "पोरी, हॉर्न वाजव. नाई तं हाऊ माणूस आठेच शाळा भरी."

त्या साहेबांनी शेवटी जिभाऊंना सलाम केला. त्या सलामामुळे जिभाऊ घरी पोचेपर्यंत खुशीत होते.

औषध द्यायचं काम त्यांनी कोणालाच करू दिलं नाही. चष्मा लावायचे, खिडकीजवळ जायचे, उजेडात धरून चमच्यात थेंब मोजायचे. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. बाईंनी फोनवर थोडं वाढवायला सांगितलं. ते वाढवलेल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर अक्का पलंगावर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि जिभाऊ भिंतीला टेकून उभे, हातात फोन.

"सदर रुग्ण विनाकारण हसत आहे," ते फोनवर सांगत होते.

"तुम्हना मिशीवर मुंगी बठेल शे," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या. मिशीवर काही नव्हतं. जिभाऊंनी तरी हाताने मिशी झटकली.

बाईंनी एकदम थेंब कमी करायला सांगितले आणि अक्कांना एकटं उठू देऊ नका, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ते उतरलं. पुढे पुन्हा हळूहळू वाढवत एक बेताचं प्रमाण सापडलं. त्यात अक्कांना हसू येत नसे, पण भूक लागायची. एके दिवशी सकाळी त्यांनी जिभाऊंना सांगितलं की कळण्याची भाकरी खावीशी वाटते. ती ज्वारी-उडदाची भाकरी जिभाऊंनी आयुष्यात कधी थापली नव्हती. त्या दिवशी थापली. नकाशासारखी झाली. अक्कांनी त्यातला चतकोर खाल्ला आणि मला बोलावून दाखवली.

मी त्यांना विचारलं, दुखणं कमी झालं का. त्यांनी विचार केला. "दुखस," त्या म्हणाल्या. "पन आते शेजारना घरमा दुखस."

हे मी कधी विसरले नाही.

दिवाळीच्या सुमाराला एकदा बाटली संपली आणि पुढची मिळेना. कारखान्याकडून माल आला नव्हता. बाईंनी एक-दोन दिवसांत येईल असं सांगितलं. पण तेवढ्यातच पायातली आग परत आली. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवून दिली, तिने उलट्या सुरू झाल्या. मी दुपारी मऊ खिचडी घेऊन गेले, तर अक्का भिंतीकडे तोंड करून कण्हत होत्या आणि जिभाऊ बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते.

त्याच वेळी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल, खांद्यावर सीताफळांची टोपली. "साहेब, वळखं का?" त्याने विचारलं.

जिभाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. "गुलाब," ते म्हणाले.

तोच गुलाब. वजनाच्या घोळामुळे सुटलेला. त्याला शिरपूरच्या बाजारात कोणीतरी सांगितलं होतं की पाटील साहेबांच्या घरी दुखणं आहे आणि ते भांगेचं औषध आणतात. त्याने टोपली खाली ठेवली, वरची सीताफळं बाजूला केली आणि खालून कागदात बांधलेली पुडी काढून जिभाऊंच्या हातात दिली. "वहिनीकरता लयनू," तो म्हणाला. "चांगलं शे. पैसा काही नको."

जिभाऊंनी पुडी उघडली. वास सगळ्या खोलीत पसरला. आत अक्का कण्हल्या. मी जिभाऊंच्या हाताकडे पाहत होते. त्यांनी पुडी मिटली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता हे आत जातील. आणि ते गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

मग ते म्हणाले, "गुलाब, हा फुलोरा आहे."

"हां साहेब."

"तेव्हा पण फुलोराच होता ना?"

गुलाबने मान खाली घातली. "बठ्ठा फुलोराच व्हता साहेब."

"मला माहीत होतं," जिभाऊ म्हणाले. त्यात राग नव्हता. दोन म्हातारे समोरासमोर उभे होते. "मी हे घेऊ शकत नाही. आणि तू हे परत नेऊ शकत नाहीस. वाटेत सापडलास तर या वेळी सुटायचा नाहीस."

"मंग काय करू साहेब?"

जिभाऊंनी पुडी पुन्हा बांधली. ठाण्यात द्यावं तर म्हातारा आत जातो. ठेवावं तर स्वतः गुन्हेगार. आतून अक्कांचा दमलेला आवाज आला. "संडासमा टाका. नि त्याले चहा द्या."

जिभाऊंनी तसंच केलं. बादल्यांवर बादल्या पाणी ओतल्याचा आवाज आम्ही ऐकत बसलो. बाहेर येऊन हात पुसत ते म्हणाले, "पंचनामा न करता नष्ट केलेला हा माझा पहिला मुद्देमाल." मग त्यांनी स्वतः चहा टाकला.

गुलाब संध्याकाळपर्यंत राहिला. उंबऱ्याशी बसून सीताफळांचा गर बिया काढून वाटीत करत होता. अक्कांनी त्यातला थोडा खाल्ला. "गोड शे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जिभाऊ जळगावला गेले आणि बाईंच्या दवाखान्यात बसून राहिले, औषध हातात पडेपर्यंत.

मी पुढे एकदा त्यांना विचारलं, त्या दिवशी मोह झाला होता का.

"झाला," ते म्हणाले. "कायद्याची भीती नव्हती ताई. त्या वेळी कायदा आठवतच नव्हता. पण त्या पुडीत ताकद किती, ते मला माहीत नव्हतं. गुलाबलाही माहीत नव्हतं. हिला काही झालं असतं आणि डॉक्टरांनी विचारलं असतं, काय दिलं, किती दिलं, तर मी काय सांगणार होतो?" मग म्हणाले, "चिठ्ठी कशाला लागते ते मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं मी ती फक्त गुन्हेगार पकडायला वापरली."

अक्का होळीच्या थोडं आधी गेल्या. सकाळी जिभाऊंशी बोलत होत्या, वांग्यांना आता चव राहिली नाही असं काहीतरी, आणि बोलता बोलता डोळे मिटले. अखेरचे काही महिने त्या जेवत होत्या, झोपत होत्या, भांडतही होत्या. जिभाऊ त्या सगळ्या दिवसांत रडले नाहीत. आल्यागेल्याला पाणी विचारत होते, मुलाच्या विमानाची वेळ बघत होते.

दहाव्यानंतर गल्लीतल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. बसल्या, हळहळल्या, आणि उठताना म्हणाल्या, "जिभाऊ, अक्कांचं ते औषध उरलं असेल ना? नाहीतरी वाया जाईल. मला थोडं बघू द्या."

जिभाऊंनी कपाटातून बाटली काढली. अर्ध्याहून कमी होती. त्यांनी चिठ्ठीही काढली आणि बाईंपुढे धरली. "यावर नाव आहे शकुंतला हिलाल पाटील," ते म्हणाले. "यावर दुसरं नाव नाही." एवढंच बोलले. चिठ्ठी हातात धरून, खुर्चीत बसून, ते आम्हा दोघींसमोर रडले.

ती बाटली ते जळगावला कोठारी बाईंकडे परत देऊन आले. नुसतं पोचवून यायचं तर माणूस दुपारपर्यंत परत येतो. जिभाऊ संध्याकाळी आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. मग दर आठवड्याला जायला लागले. गल्लीत कोणाला काही कळेना, आणि मीही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या थंडीत जिभाऊ झोपेतच गेले.

पण त्याआधी, ते जळगावला जाऊन काय करत असत, ते मी एकदा पाहिलं. माहेरी गेले होते, बाजारातून येताना कोठारी बाईंच्या दवाखान्यावरून गेले आणि सहज आत डोकावले. बाहेरच्या बाकावर जिभाऊ बसले होते. शेजारी साक्रीकडचा एक तरुण, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली, आणि त्याच्या पलीकडे त्याची आई डोळे मिटून भिंतीला टेकलेली. तो मुलगा हळू आवाजात विचारत होता की हे नेताना पोलीस पकडतील का. जिभाऊ त्याला बाटलीवरचं काय वाचायचं ते बोट ठेवून दाखवत होते. चिठ्ठी कुठल्या खिशात ठेवायची, तेही सांगितलं. मुलाने मान हलवली. आईकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "माय बरी व्हई का?"

जिभाऊंनी बाटली त्याच्या हातात दिली. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बरी व्हनार नई," ते म्हणाले. "पन जेवन करी. झोप लागी तिले. तुनासंगे दोन शब्द बोली."

मुलगा बाटलीकडे पाहत राहिला. जिभाऊंचा हात त्याच्या पाठीवर तसाच होता. त्यांनी मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.